ड्युशेन असलेल्या मुलाची हृदयतपासणी : मुंबईतले मार्च ते नोव्हेंबर

ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी या स्नायू झिजवणाऱ्या जनुकीय आजारात सगळ्यांचं लक्ष पायांकडे असतं. हृदयाकडे मात्र तारीख ठरवून बघावं लागतं. डिस्ट्रॉफिन हे प्रथिन हातापायांच्या स्नायूंना लागतं तसंच हृदयाच्या स्नायूलाही लागतं. ते नसलं की तिथलेही तंतू हळूहळू मरतात आणि त्यांच्या जागी व्रणासारखा निबर भाग तयार होतो. चालता-फिरता माणूस जिना चढताना धापा टाकतो, म्हणून त्याचं हृदय थकल्याचं कळतं. व्हीलचेअरवरचा मुलगा जिना चढतच नाही. त्रास दिसलाच तर भलत्याच रूपात दिसतो: पोट दुखणं, मळमळ, जेवण तुटणं, रात्री झोप न लागणं. घरोघरी त्याला अपचन समजून ओवा दिला जातो.

२०१८ साली 'लॅन्सेट न्यूरॉलॉजी'त ड्युशेनच्या देखभालीच्या शिफारशी तीन भागांत आल्या. त्यातला हृदयाचा भाग थोडक्यात असा: निदान झाल्याबरोबर एकदा तपासणी, मग दरवर्षी, आणि दहाव्या वर्षानंतर डॉक्टरांना वाटेल तसं त्याहूनही लवकर लवकर. सहा-सात वर्षांपर्यंत इको (हृदयाची सोनोग्राफी) चालतो. त्यापुढे मूल भुलीशिवाय शांत पडून राहत असेल तर कार्डियाक एमआरआय. आणि हृदय अगदी ठीक दिसत असलं तरी वयाच्या १० वर्षांपर्यंत एसीई इन्हिबिटर (रक्तदाब उतरवून हृदयावरचा ताण कमी करणारं औषध) किंवा त्याच्या जवळच्या एआरबी गटातलं औषध सुरू करायचं. आमच्या मुलाला मार्चमध्ये साडेनऊ पूर्ण झाली. आधीचे सगळे इको 'नॉर्मल' होते. न्यूरॉलॉजीच्या ओपीडीत डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, यंदा नुसत्या इकोवर थांबायचं नाही. इथून पुढचं सगळं त्या एका ओळीमुळे.

पहिलं काम फाईलचं. जनुकीय तपासणीच्या रिपोर्टची झेरॉक्स सगळ्यात वर लावा. आमच्या रिपोर्टमध्ये ४५ ते ५० हे एक्झॉन, म्हणजे जनुकाचे तुकडे, गळालेले आहेत, तेवढी ओळ पिवळ्या पेनाने रंगवली. केसपेपरवर नुसतं 'मस्क्युलर डिस्ट्रॉफी' लिहिलेलं असेल तर डॉक्टरांना सांगून पूर्ण नाव लिहून घ्या, कारण प्रकारानुसार हृदयाची भीती बदलते. ड्युशेन आणि बेकरमध्ये हृदयाचा स्नायूच कमजोर होतो. बेकरमध्ये तर पायांनी चालणाऱ्या माणसाचं हृदय पायांपेक्षा जास्त खराब असू शकतं. मायोटॉनिक डिस्ट्रॉफीत मुख्य धोका हृदयातल्या विजेच्या वाटेत अडथळा येण्याचा, म्हणून तिथे दरवर्षीचा ईसीजी सगळ्यात महत्त्वाचा, आणि चक्कर किंवा बेशुद्धी कधीही हलक्यात घ्यायची नाही. एमरी-ड्रायफसमध्ये पेसमेकर, कधी शॉक देणारं यंत्रही लागतं. लिंब-गर्डलमध्ये उपप्रकार बघावा लागतो: सार्कोग्लायकन आणि एफकेआरपीत हृदय सांभाळावं लागतं, कॅल्पेन आणि डिस्फर्लिनमध्ये काळजी बरीच कमी. एका नावाखाली सगळ्यांना एकच तपासणी लिहून दिली तर कुणाचं तरी नेमकं राहून जातं.

फाईलमध्ये आणखी हवं ते असं: आधीच्या इकोंचे आकड्यांसकट रिपोर्ट, जुना ईसीजी, श्वासाच्या तपासणीचा कागद, स्टेरॉइडचा (स्नायूंची झीज मंदावण्यासाठी या मुलांना देतात) डोस आणि तो कधीपासून चालू आहे, आणि वजन-उंची. ही शेवटची दोन वाटतात सोपी, पण उभं न राहणाऱ्या मुलाची उंची कोण मोजणार? कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाच्या लांबीवरून उंचीचा अंदाज काढता येतो. फिजिओथेरपीत विचारा, मोजून देतात. वजनासाठी मुलाला उचलून काट्यावर उभं राहायचं आणि आपलं वजन वजा करायचं. हृदयाचा कप्पा मोठा झालाय का, हे शरीराच्या आकारमानाशी ताडूनच ठरतं. त्यामुळे हे दोन आकडे अंदाजपंचे लिहिले गेले तर पुढचं गणित चुकतं.

परळच्या एका मोठ्या पालिका रुग्णालयात आमची फाईल आहे. न्यूरॉलॉजीकडून कार्डिओलॉजीकडे रेफरन्सची चिठ्ठी लागते. चिठ्ठीवर 'टू-डी इको' एवढंच असेल तर इकोच्या खिडकीवर तारीख मिळते आणि काम तिथेच संपतं. 'ड्युशेन, कार्डिओमायोपॅथी (हृदयाच्या स्नायूचा आजार) स्क्रीनिंग, कार्डिओलॉजीचं मत' असं लिहून घेतलं तर डॉक्टर मुलाला बघतात. हृदयाच्या ओपीडीचे वार युनिटप्रमाणे ठरलेले असतात. चुकीच्या वारी गेलात तर केसपेपर निघतो, पण डॉक्टर भेटत नाहीत. केसपेपरची रांग एकाने धरायची आणि दुसऱ्याने मुलाला सावलीत बसवायचं, म्हणजे दोन माणसं हवीतच. भांडुपहून स्लो लोकलला दिव्यांगांचा डबा असतो, पण फलाट आणि डबा यांच्यातली उंची व्हीलचेअरला नडते आणि सकाळी आठला त्या डब्यातही श्वास घ्यायला जागा नसते. आम्ही टॅक्सीच केली, एका वेळचे साधारण ५०० रुपये. खर्च लिहून ठेवायचा असेल तर हाही धरा. या कामात तपासण्यांइतकाच पैसा रस्त्यावर जातो.

ईसीजी त्याच दिवशी झाला. मुलाचे गुडघे आणि खुबे आखडलेले असतील तर तो टेबलावर सरळ झोपू शकत नाही. गुडघ्यांखाली उशी किंवा गुंडाळलेली चादर सरकवा आणि मगच पट्टे लावू द्या, नाहीतर स्नायू ताठ राहून कागदावर रेघा थरथरतात. यंत्र कागदाच्या डोक्यावर स्वतःचं निदान छापतं. ड्युशेनमध्ये बाजूच्या लीडमध्ये खोल क्यू लहरी आणि व्ही-१ मध्ये उंच आर लहर दिसणं नेहमीचं आहे, पण यंत्राला ते माहीत नसल्यामुळे ते खुशाल 'इन्फार्क्ट' म्हणजे हार्ट अटॅकचा व्रण असं छापून मोकळं होतं. साडेनऊ वर्षांच्या मुलाच्या कागदावर तो शब्द वाचून हातपाय गार पडतात. डॉक्टरांनी बघेपर्यंत त्या ओळीकडे दुर्लक्ष करा. ठोके मिनिटाला १०८ होते. बसल्या जागी जलद ठोके हेही या आजारात नेहमीचं, तरी त्याची नोंद व्हायला हवी, कारण पुढे औषध ठरवताना ती लागते. ईसीजीचा कागद उष्णतेवर छापलेला असतो आणि वर्षभरात फिका पडतो. त्याच दिवशी फोटो काढून मोबाइलमध्ये ठेवा. उद्या रात्री-अपरात्री कॅज्युअल्टीत जायची वेळ आली तर 'याचा नेहमीचा ईसीजी असा असतो' हे दाखवण्यासारखं दुसरं काही नाही.

इकोची तारीख एप्रिलच्या शेवटची मिळाली. शुल्क काहीशे रुपये. बाहेर खाजगीत हाच इको आम्हाला २,२०० सांगितला होता. इकोसाठी डाव्या कुशीवर झोपावं लागतं. पाठीला बाक असेल, स्टेरॉइडमुळे छातीवर चरबी असेल तर ध्वनिलहरींना वाट मिळत नाही आणि हृदयाची भिंत धूसर दिसते. पाठीशी उशी आणि वरच्या पायाखाली दुसरी उशी घेतली की कूस टिकते. या दोन उश्या घरून न्या, तिथे मिळत नाहीत. नुसतं 'नॉर्मल स्टडी' लिहिलेला रिपोर्ट आमच्यासारख्यांच्या कामाचा नाही. हृदय प्रत्येक ठोक्याला किती टक्के रक्त बाहेर टाकतं तो ईएफचा आकडा, डाव्या कप्प्याचं माप आणि शक्य असेल तर स्ट्रेन (हृदयाचा स्नायू किती आकुंचन पावतो त्याचं माप), हे मागा. ईएफ डोळ्यांनी अंदाजून लिहिला की मोजून, हेही नम्रपणे विचारावं. सिम्पसन पद्धतीने मोजला असेल तर पुढच्या वर्षीच्या आकड्याशी तुलना होते. ५५ ते ६० असा पट्टा लिहून दिला तर तुलना कशाशी करणार? "ताई, एवढं कुणी विचारत नाही," असं तंत्रज्ञ म्हणाले, पण मोजून दिलं. ईएफ ६० टक्के. साधारणपणे ५५ च्या वर ठीक मानतात.

मधल्या काळात रक्ताच्या तपासण्या झाल्या. इथे एक धोक्याची सूचना. या मुलांचा सीपीके (स्नायू झिजले की रक्तात वाढणारा घटक) हजारांत असतो, हे आपल्याला निदानापासून ठाऊक असतं. पण सीपीके-एमबी, जो हृदयाचा म्हणून ओळखला जातो, तोही स्नायूंमुळेच वाढलेला येतो. ट्रोपोनिन-टी, म्हणजे हार्ट अटॅक ओळखायची रक्ततपासणी, तीही स्नायूंच्या आजारात हृदयाला काही न होता वाढलेली दिसू शकते. हृदयाबद्दल ट्रोपोनिन-आय जास्त भरवशाचं. एसजीओटी-एसजीपीटी वाढलेले असतात ते यकृताचे नव्हेत, स्नायूंचे. शंका असेल तर डॉक्टर जीजीटी ही यकृताची तपासणी करायला सांगतात. आणि क्रिएटिनिन उलट्या दिशेने फसवतं. ते स्नायूंतून येतं, स्नायूच कमी म्हणून आकडा कायम कमी, म्हणजे मूत्रपिंड बिघडायला लागलं तरी कागदावर सगळं आलबेल. त्यासाठी सिस्टॅटिन-सी नावाची तपासणी आहे. ती महाग आहे आणि सगळीकडे होत नाही, पण औषधं सुरू करण्याआधी एकदा तरी करावी असं आम्हाला सांगितलं गेलं आणि ते पटलं. हे सगळं समजून घेतलं तरी छातीत दुखतंय असं मूल म्हणालं तर आकड्यांचा कीस न पाडता सरळ रुग्णालय गाठायचं. या आजारात हृदयाच्या स्नायूला अचानक इजा होऊन खरंच छातीत दुखू शकतं.

होल्टर, म्हणजे दिवसभर ठोक्यांची नोंद ठेवणारं यंत्र, मे महिन्यात लावला, आणि मुंबईत होल्टरसाठी याहून वाईट महिना नाही. छातीला चिकटपट्ट्या, कमरेला छोटं यंत्र, २४ तास आंघोळ नाही. घामाने पट्ट्या सुटतात आणि सुटल्या की तेवढ्या तासांची नोंद जाते. लावण्याआधी छाती कोरडी पुसून घ्या, तेल-पावडर नको, वरून सैल सुती बनियन घाला आणि जादा चिकटपट्टी मागून ठेवा. सोबत एक कागद देतात. त्यावर मूल कधी झोपलं, कधी रडलं, कधी दमलं ते वेळेसकट लिहायचं. व्हीलचेअरवरच्या मुलासाठी आम्ही त्यात 'उचलून बेडवर ठेवलं' अशाही नोंदी केल्या, कारण तेव्हा ठोके उडी मारतात. यंत्रासाठी अनामत रक्कम ठेवावी लागते, पावती सांभाळा. भाडं २,५०० रुपये. पट्ट्या काढताना खेचायच्या नाहीत. स्टेरॉइडने त्वचा पातळ झालेली असते, सालटं निघतं. कडेने खोबरेल तेल सोडून पाच मिनिटांनी सोलायच्या.

खरी वाट बघायला लावली ती कार्डियाक एमआरआयने. एमआरआयचं यंत्र असलेल्या प्रत्येक ठिकाणी हृदयाचा एमआरआय होत नाही. हलत्या हृदयाची चित्रं घ्यायला वेगळं सॉफ्टवेअर लागतं आणि ती वाचणारा रेडिओलॉजिस्टही लागतो. फोनवर "एमआरआय होतो का" असं विचारलं तर सगळे हो म्हणतात. विचारायचं ते असं: कार्डियाक एमआरआय, गॅडोलिनियम कॉन्ट्रास्टसकट (व्रण उठून दिसावा म्हणून शिरेतून देतात ते औषध), भुलीशिवाय, दहा वर्षांच्या मुलाचा, आणि वाचणार कोण? या एका वाक्यात चारपैकी तीन ठिकाणं गळतात. पालिकेतली यादी लांब होती, म्हणून हे एकच काम खाजगीत केलं. कॉन्ट्रास्ट धरून १४,५०० रुपये. महात्मा फुले जन आरोग्य योजना दाखल करून होणाऱ्या उपचारांसाठी आहे, अशा ओपीडीतल्या तपासणीला तिचा उपयोग झाला नाही. निरामय विम्याचं नाव बरेच जण सुचवतात, पण ती योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. नुसत्या मस्क्युलर डिस्ट्रॉफीला तिथे दार नाही. दुर्मीळ आजारांच्या २०२१ च्या राष्ट्रीय धोरणात ड्युशेन आहे आणि मुंबईतलं उत्कृष्टता केंद्र केईएम आहे, तिथे नाव नोंदवलेलं असावं हे खरं. पण आमच्या तपासण्या नेहमीच्या ओपीडीच्या वाटेनेच झाल्या.

तारीख जुलैची होती. तोपर्यंत घरी श्वास रोखण्याचा सराव केला. चित्र घेताना यंत्रातून आवाज येतो, "श्वास घ्या, सोडा, थांबा," आणि मग दहा-पंधरा सेकंद हलायचं नाही. हे पुन्हा पुन्हा, पाऊण ते एक तास. मोबाइलवर एमआरआयचा खडखडाट ऐकवत, रोज झोपताना, चादरीखाली हात सरळ ठेवून सराव केला. तेवढे सेकंद जमत नसेल तर तंत्रज्ञाला आधीच सांगा, छोट्या टप्प्यांतही चित्रं घेता येतात. 'मूल हलेल, भूल देऊ' असा सोपा मार्ग कुणी सुचवला तर तिथेच थांबवा. ड्युशेनमध्ये सक्सिनिलकोलीन हे औषध आणि भुलीचे वायू टाळायचे असतात. त्यांनी स्नायू फुटून रक्तात पोटॅशियम एकदम वाढतं आणि हृदय बंद पडू शकतं. हे वाक्य फाईलच्या मुखपृष्ठावर लाल अक्षरात लिहून ठेवा. भूल द्यावीच लागली तर हा आजार माहीत असलेला भूलतज्ज्ञ आणि अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालयच हवं.

त्या दिवशी चार तास उपाशी राहायचं होतं. स्टेरॉइडची गोळी चुकवायची नसते, म्हणून सहा वाजता नाश्ता आणि गोळी, स्कॅन अकराला. नेहमीची व्हीलचेअर चुंबकाच्या खोलीत जात नाही. मुलाला उचलून त्यांच्या स्ट्रेचरवर ठेवावं लागतं, आणि इथे वॉर्डातले मामा प्रेमाने काखेत हात घालून उचलायला येतात. तसं उचलू देऊ नका. खांद्याचे स्नायू सैल असल्याने मूल हातांतून सटकतं आणि खांदा दुखावतो. एकाने पाठीमागून छातीला विळखा घालायचा, दुसऱ्याने मांड्यांखाली, किंवा चादरीसकट सरकवायचं. आखडलेले गुडघे बोगद्यात मावतात का ते आधी बघून घ्या, उशीची उंची त्याप्रमाणे ठरते. पाठीत रॉड टाकले असतील तर ऑपरेशनचा कागद न्या. पालकाला आत बसू देतात. मंगळसूत्र, बांगड्या, केसांच्या पिना, मोबाइल, बँकेची कार्डं सगळं बाहेर. सुई टोचायला शीर सापडत नाही, स्टेरॉइडच्या मुलांची नेहमीची रड. आदल्या संध्याकाळपासून भरपूर पाणी पाजलं होतं, हात शेकून घेतला, दुसऱ्या खेपेला मिळाली.

रिपोर्ट चार दिवसांनी आला. ईएफ ५८, म्हणजे ठीक. पण गॅडोलिनियम दिल्यावर डाव्या कप्प्याच्या मागच्या-खालच्या बाजूच्या भिंतीत, बाहेरच्या थराला, एक पातळ पांढरी रेघ दिसली होती. ड्युशेनचे व्रण बहुतेक तिथूनच सुरू होतात. एप्रिलचा इको नॉर्मल आणि जुलैच्या एमआरआयमध्ये व्रण, यात विसंगती काही नाही: इको हृदय किती जोरात हलतंय ते दाखवतो, स्नायूत काय साचलंय ते एमआरआय दाखवतो, आणि व्रण साचणं हे हृदयाचं हलणं मंदावण्याच्या कितीतरी आधी घडतं. हे सगळं वाचून माहीत होतं. तरी रिपोर्टवरच्या त्या ओळीखाली मुलाचं नाव बघणं वेगळं. दोन दिवस घरात कुणी फारसं बोललं नाही, मुलगा सोडून; त्याला फक्त यंत्राच्या आवाजाची नक्कल करून दाखवायची होती.

ऑगस्टमध्ये औषध सुरू झालं. एनालाप्रिल, एसीई गटातलं, अगदी लहान डोसने, दर दोन आठवड्यांनी रक्तदाब बघून वाढवत. जेनेरिक असल्याने महिन्याचा खर्च शंभर-दीडशेच्या आत. सुरुवातीनंतर आणि प्रत्येक वाढीनंतर पोटॅशियम आणि मूत्रपिंडाची तपासणी. व्रण दिसला म्हणून पुढच्या भेटीत एप्लेरेनोन हे हृदयाचं दुसरं औषधही जोडलं. ईएफ चांगला पण एमआरआयमध्ये व्रण, अशा मुलांवर त्याचा अभ्यास २०१५ साली झाला आणि त्यात हृदयाची घसरण मंदावलेली दिसली. ही दोन्ही औषधं पोटॅशियम वाढवतात. आपल्याकडे आजारी मुलाला भेटायला येणारा प्रत्येक जण शहाळं घेऊन येतो. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर असतं. रोजचं शहाळं बंद करायला सांगितलं, आणि कमी सोडियमचं म्हणून मिळणारं मीठही, कारण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियमच असतं. उलट्या-जुलाब झाले तर एसीई गटाची गोळी चालू ठेवायची की थांबवायची हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारायचं, आपल्या मनाने नाही. स्टेरॉइड मात्र अशा दिवशी पोटात टिकलं नाही तर इंजेक्शनने द्यावं लागतं, ते अचानक बंद करता येत नाही. तापाला आयब्रुप्रोफेन टाळायचं, पॅरासिटामॉल चालतं. कोरडा खोकला सुरू झाला तर कफ सिरपच्या मागे न लागता सांगायचं, दुसऱ्या गटातली गोळी मिळते. आमच्याकडे खोकला नाही आला. पहिल्या आठवड्यात सकाळी उठवून बसवताना गरगरलं, म्हणून गोळी रात्रीवर नेली.

ऑक्टोबरमध्ये पोटॅशियम ४.६ आलं. पुढचा इको सहा महिन्यांनी, एमआरआय वर्षाने, शक्यतो त्याच यंत्रावर, म्हणजे चित्रं शेजारी ठेवून बघता येतात. सीडी मागून घ्या, नुसती फिल्म पुरत नाही, आणि सीडी हाती आल्यावर ती दुसऱ्या संगणकावर उघडते का ते लगेच बघा.

एक तपासणी मुलाची नव्हती, माझी होती. डिस्ट्रॉफिनचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. घराण्यात आधी कुणाला आजार नसतानाही अशा मुलांच्या साधारण दोन-तृतीयांश आया वाहक, म्हणजे बिघडलेलं जनुक अंगात बाळगणाऱ्या, निघतात, आणि वाहक बाईच्या हातापायांत काही न जाणवता हृदय कमजोर होऊ शकतं. शिफारशींत वाहक स्त्रियांची पहिली हृदयतपासणी तरुणपणीच आणि पुढे दर तीन ते पाच वर्षांनी सांगितली आहे. एवढ्या वर्षांत मला हे कुणी आपणहून सांगितलं नव्हतं. मुलाच्या रिपोर्टच्या भेटीत मीच विचारलं. "हो हो, तुमचाही करायलाच हवा," डॉक्टर म्हणाले आणि त्याच कागदाच्या मागे लिहून दिलं. कागदाच्या मागे लिहिलेलं चालत नाही, आपल्या नावाचा वेगळा केसपेपर काढावा लागतो. मुलात जे एक्झॉन गळालेत तेच आईत बघायचे असल्याने माझी एमएलपीए (गळालेले एक्झॉन शोधणारी जनुकीय) तपासणी सोपी होती, रक्ताची एक नळी, रिपोर्टला तीन आठवडे. वाहक आहे. नोव्हेंबरमध्ये ईसीजी आणि इको झाले, दोन्ही ठीक, एमआरआय पुढच्या वर्षी मुलाच्याच दिवशी घ्यायचं ठरलंय.

धाकटी बहीण चिपळूणला असते, तिला लहान मुलगी आहे. आधी बहिणीची जनुकीय तपासणी, ती वाहक निघाली तरच हृदयाची. मुलीचं तिच्या वयाप्रमाणे पुढे, समुपदेशकाशी बोलून. बहिणीसाठी नमुना द्यायला मुंबईत यायची गरज नाही. ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या) नळीतलं रक्त कुरियरने प्रयोगशाळेत जातं; सोबत माझ्या रिपोर्टची प्रत आणि सही केलेलं संमतीपत्र लागतं. नळी शनिवारी पाठवू नये, रविवारी ती कुरियरच्या गोदामात पडून राहते.